खंबाटकीच्या बोगद्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत: पॅनिक डिसऑर्डरसोबतचे माझे एकोणीस महिने

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. लेक पुण्यात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीची सुट्टी संपवून आदल्या दिवशीच परत गेली आणि रजई न् फराळाचा डबा घरीच विसरली. तो पोचवायला म्हणून मी दुपारच्या सातारा-स्वारगेट एसटीत बसले. वर्ल्ड कपची फायनल चालू होती. पुढच्या सीटवरच्या मुलाच्या मोबाइलवर मॅच लागली होती आणि अर्धी बस त्याला स्कोअर विचारत होती. वेळे गाव मागे पडलं, बस खंबाटकीच्या बोगद्यात शिरली आणि पुढच्या गाड्या तुंबल्यामुळे मध्येच थांबली.

आधी हातांना मुंग्या आल्या. मग छाती अशी धडधडायला लागली की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. श्वास वरच्या वर राहिला, घाम फुटला, घसा आवळला. माझे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेही प्रवासातच. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. डोक्यात एकच वाक्य होतं: आता माझी वेळ आली.

कंडक्टरने बोगदा ओलांडल्यावर गाडी बाजूला घेतली. एका अनोळखी जोडप्याने मला त्यांच्या गाडीतून हायवेवरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं. ईसीजी चांगला निघाला, रक्तातली ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली की हे वाढतं) तपासणीही चांगली. तरी वडिलांचा इतिहास ऐकून रात्रभर आयसीयूत ठेवलं. सकाळी डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी एकच शब्द होता, ‘अँग्झायटी’. बिल १९,३५० रुपये. डॉक्टर म्हणाले, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.”

‘काही नाही’ या दोन शब्दांनी माझे पुढचे दोन महिने खाल्ले. जे मी भोगलं ते ‘काही नाही’ असेल, तर त्यांना ते सापडलं नाही एवढाच अर्थ मी काढला. डिसेंबरात टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, बी-१२, पोटाची सोनोग्राफी असं सगळं केलं. साधारण साडेनऊ हजार गेले. यातली थायरॉइडची तपासणी मात्र आवश्यकच होती, कारण थायरॉइड वाढलं की अशीच धडधड होते आणि ते आधी बघायलाच हवं. ईसीजी आणि इकोही एकदा करणं बरोबर. पण मी स्ट्रेस टेस्ट दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून घेतली. दर वेळी रिपोर्ट चांगला आला की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांच्या हातांत प्रेम होतं, मी गप्प बसून राहिले.

तोवर जग आवळत चाललं होतं. एसटी बंद, लिफ्ट बंद, चहा बंद. मी नोकरी करते त्या पतसंस्थेत काउंटरवर गर्दी झाली की मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उभी राहायचे. पर्समध्ये पाण्याची बाटली, ॲस्पिरिनची गोळी आणि ईसीजीची झेरॉक्स. आठवड्यातून असे घबराटीचे तीन-चार झटके यायचे, दोनदा तर झोपेतून उठवून.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डिसेंबरअखेर स्पष्ट सांगितलं, “ताई, तुमचं हृदय चांगलं आहे, आता तपासण्या थांबवा. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.” चिठ्ठीही दिली. ती चिठ्ठी मी सोळा दिवस देवघराच्या फळीवर ठेवली. गावात कुणी पाहिलं तर, मुलीच्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर, असले विचार. आज त्या सोळा दिवसांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या रात्री, दोन वाजता झटका आला. हे शेजारी झोपले होते. त्यांना न उठवता मी १४४१६ लावला. ही ‘टेलिमानस’ नावाची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. समोरच्या बाईंनी वीसेक मिनिटं शांतपणे ऐकलं. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की हे झटके साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतात आणि उतरतात, घड्याळ बघा. मी बघितलं. दोन वाजून सतरा मिनिटांनी हात गार पडायचे थांबले होते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे जा, असंही त्यांनीच सांगितलं.

१६ जानेवारी, मंगळवार. मी आणि हे नऊला पोचलो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे लागले नाहीत. आधारकार्ड आणि मोबाइल जवळ ठेवा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. नंबर अकराला लागला. बाकावर माझ्या शेजारी आमच्याच पेठेतले एक गुरुजी बसले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघंही खाली बघत बसलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी मराठीत छापलेला सात प्रश्नांचा कागद भरायला दिला. २००६ साली तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरतात, एकूण गुण एकवीस. पंधरा किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. माझे सोळा आले. मग अर्धा तास प्रश्न: झोप, पाळी, वडील, चहा, दारू, मरणाचे विचार. शेवटी केसपेपरवर लिहिलं: पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक आणि पुन्हा पुन्हा येणारे तीव्र भीतीचे झटके; सोबत ॲगोराफोबिया, म्हणजे जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती. मी रडले. आजाराला नाव मिळालं म्हणून मी रडू शकते हे मला माहीत नव्हतं.

“मलाच का झालं?” मी विचारलं. ते म्हणाले, काही भाग रक्तातून येतो, काही आयुष्यातून. पण सुरू कशामुळे झालं आणि टिकून कशामुळे राहिलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उपचार दुसऱ्या प्रश्नावर होतो. हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही. मला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

औषध: एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम सात दिवस, मग १०. सोबत अल्प्राझोलाम ०.२५, गरज पडली तरच आणि फक्त दोन आठवडे. ही दुसरी गोळी लगेच गुण देते आणि म्हणूनच तिची सवय लागते. ती शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे, मेडिकलवाला वहीत नाव लिहून घेतो. त्याला घाबरायचं कारण नाही. रुग्णालयातल्या औषध खिडकीवर एस्सिटॅलोप्रॅम मिळालं. एकदा साठा संपला होता तेव्हा मी जनऔषधी केंद्रातून घेतलं, बाहेरच्या ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त पडलं.

आता एक गोष्ट ठळकपणे सांगते. पहिले दहा-बारा दिवस मला आधीपेक्षा वाईट गेले. मळमळ, सतत जांभया, हात थरथरणं, आणि पाचव्या दिवशी मोठा झटका. औषध मानवत नाही असं समजून मी सोडणारच होते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणूनच थांबले: ‘पहिले दोन आठवडे अस्वस्थता वाढू शकते, खरा गुण चार ते सहा आठवड्यांनी.’ पण मरणाचे विचार आले किंवा अजिबात सहन होईना तर वाट न बघता या, असंही त्यांनी बजावलं होतं. दुसरं म्हणजे, या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. मला कुणी आपणहून सांगितलं नाही, मी तिसऱ्या भेटीत लाजत विचारलं. विचारा. त्यावरही उपाय असतात.

नोकरीचं: दहा दिवस रजा लागली. दाखल्यावर आजाराचं नाव नको अशी विनंती मी केली आणि डॉक्टरांनी ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढंच लिहिलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, ते मागायला संकोच करू नका.

विम्याचं मात्र लांबलं. आमच्या मेडिक्लेम कंपनीने आयसीयूतल्या त्या रात्रीचा दावा जानेवारीत फेटाळला, कारण ‘केवळ तपासणी व निरीक्षणासाठी दाखल’. पॉलिसीतल्या अपवादांमध्ये हे कलम असतंच. याच मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमा संरक्षण हवं. पण माझी अडचण निराळी होती. डिस्चार्ज कार्डावर ‘का दाखल केलं’ हेच नव्हतं. मी त्या दवाखान्यात तीनदा जाऊन पत्र मिळवलं: छातीत दुखणं, वडिलांचा इतिहास, हार्ट अटॅक नाही याची खात्री होईपर्यंत दाखल ठेवणं आवश्यक. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, म्हणून मार्चमध्ये पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज. तिथे फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीआधीच, जूनमध्ये, कंपनीने १४,१०० रुपये दिले. ओपीडी आणि थेरपीचा खर्च माझ्या पॉलिसीत बसत नव्हता, तो स्वतःच केला. दाखल होण्याची वेळ आली तर डिस्चार्जच्या वेळीच दाखल करण्याचं कारण लिहून घ्या.

मार्चच्या मध्यापर्यंत झटके थांबले. खरंच थांबले. झोप आली, चहा परत सुरू केला. घरचे म्हणाले, बरी झालीस. पण मी एसटीत चढत नव्हते. लेकीला भेटायचं तर तिनेच साताऱ्याला यायचं. झटका येत नव्हता, पण तो येईल याची भीती जशीच्या तशी होती.

हे मी लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, हे अगदी असंच आमच्या पुस्तकात आहे.” १९५० च्या दशकाच्या शेवटी न्यू यॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना इमिप्रॅमिन हे तेव्हा नवं असलेलं औषध दिलं होतं. रुग्ण म्हणत होता, फरक नाही. डॉक्टरांनाही दिसत नव्हता. वॉर्डातल्या नर्सच्या लक्षात आलं की ‘मी मरतोय’ म्हणत दिवसातून चार वेळा धावत येणारा माणूस आता येत नाही. झटके गेले होते, झटक्याची धास्ती राहिली होती. त्यावरून क्लाइन यांनी मांडलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून आलं. साठहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार जवळीक वाटली. एप्रिलच्या भेटीत मी डॉक्टरांना हेच सांगितलं आणि त्यांनी थेरपीसाठी पाठवलं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना एकच गोष्ट बघा: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का. नोंदणी क्रमांक मागितला तर चांगला माणूस रागवत नाही. मला मिळालेल्या मॅडमची फी तासाला १,००० होती, एप्रिल ते जुलै बारा बैठका, त्यातल्या चार ऑनलाइन. एकूण १२,०००. परवडणार नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञांकडे वेळ मागा; तिथे गर्दी असते, पण मिळते.

पहिल्या बैठकीत मॅडमनी पाटीवर एक गोल काढला. छातीत धडधड, ‘हा हार्ट अटॅक’, त्या विचाराने भीती, भीतीने आणखी धडधड, पुन्हा ‘नक्कीच अटॅक’. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र मांडलं. मी म्हणाले, पण पहिली धडधड कुठून आली? त्या म्हणाल्या, कुठूनही. उकाडा, पाळी, अपुरी झोप, बंद बसमधली कोंदट हवा. पहिली ठिणगी शोधत बसलात तर चक्र फिरतच राहणार. वडील ज्या वयात, जसे गेले, त्यामुळे माझ्या मेंदूने धडधडीचा एकच अर्थ पाठ केला होता.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी माझ्या हातात थंड पेयाची बारीक स्ट्रॉ दिली. नाक बंद करून एक मिनिट फक्त त्यातून श्वास घ्यायचा. मी नाही म्हणाले. झटका मुद्दाम आणायचा? त्या म्हणाल्या, हो, आणि आधी कागदावर लिहा की काय होईल. मी लिहिलं: ‘बेशुद्ध पडेन. खात्री ८० टक्के.’ चाळीस सेकंदांत तीच घुसमट, तेच हात. मी सोडून दिलं. पुन्हा घेतलं. पाचव्यांदा एक मिनिट पूर्ण झालं. पडले नाही. कागदावर त्याखाली लिहिलं: ‘काय झालं – घाम, रडू. खात्री आता ३० टक्के.’ मग फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, जागेवर धावणं, जिना दोनदा चढणं. घरी रोज वीस मिनिटं. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. एके दिवशी त्यांनीच खुर्ची धरली.

त्याच सुमारास मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. अमेरिकेत एक बाई आहे, वैद्यकीय लेखनात तिला फक्त एस. एम. म्हणतात. एका दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झाला. भीतीचं केंद्र म्हणून वर्षानुवर्षं याच भागाकडे बोट दाखवलं जायचं. तिला साप हातात घेताना भीती वाटत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी तिला आणि तसाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला. तिघींनाही पॅनिक अटॅक आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती आणि आतल्या घुसमटीची भीती यांचे रस्ते पूर्ण सारखे नाहीत. श्वास कोंडल्याची घंटा शरीरात आणखी खोलवर असू शकते. बोगद्यातल्या तुंबलेल्या बसमध्ये माझी तीच घंटा चुकीच्या वेळी वाजली असावी. माझं मन कमकुवत आहे, हा माझा मीच दिलेला निकाल त्या दिवशी मी मागे घेतला.

मे-जूनमध्ये एसटी. एका वहीत पायऱ्या लिहिल्या. सातारा स्टँडवर उभ्या बसमध्ये दहा मिनिटं बसणं. आनेवाडी टोलनाक्यापर्यंत. पाचवडपर्यंत. सुरूर फाट्यापर्यंत, तिथून परत. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सरावाचा खर्च फारसा जाणवला नाही. प्रत्येक पायरी भीती उतरेपर्यंत, एकदा नाही तर चार-पाच वेळा. पाचवडला एकदा मी घाबरून मध्येच उतरले. मॅडमनी दोष दिला नाही, दुसऱ्या दिवशी तीच पायरी करायला सांगितली. आणि त्यांनी पर्स उघडायला लावली. बाटली, ॲस्पिरिन, ईसीजीची झेरॉक्स, आणि तारीख उलटून गेलेली अल्प्राझोलामची अर्धी पट्टी. ‘हे जवळ आहे म्हणून वाचले,’ असं मेंदू शिकतो, म्हणून एकेक वस्तू घरी ठेवायची. पट्टी ठेवताना सगळ्यात जास्त जड गेलं.

२३ जून २०२४, रविवार. एकटी, खिडकीजवळ. वेळे आलं तसं पोटात गोळा आला. वहीत लिहिलं होतं, ‘बोगद्यात श्वास बंद होईल. खात्री ५० टक्के.’ आत शिरल्यावर धडधड सुरू झाली. मी घड्याळ पाहिलं नाही, डोळे मिटले नाहीत, देवाचं नावही थांबवलं, कारण माझ्यासाठी तीही एक गोळीच झाली होती. धडधडू दे म्हणत भिंतीवरचे दिवे बघत बसले. बाहेर ऊन आलं तेव्हा गालावर पाणी होतं. स्वारगेटला लेक उभी होती. तेव्हा परतीची बस बोगद्याऐवजी वरून घाटातून जायची, म्हणून पुढच्या चार रविवारी मी पुन्हा पुन्हा पुण्याला गेले.

बरेच नातेवाईक म्हणायचे, गोळ्या सोड, ध्यान कर. ध्यानाला मी कमी लेखत नाही. २०२२ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी काहींना एस्सिटॅलोप्रॅम आणि काहींना आठ आठवड्यांचं ध्यानशिक्षण दिलं; गुण जवळपास सारखाच आला. पण त्या ध्यानात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी पाऊण तास होता. मला घर आणि नोकरी सांभाळून ते झेपलं नसतं. तुम्हाला झेपत असेल तर डॉक्टरांशी बोलून जरूर करा. चालू गोळी मात्र मनाने तोडू नका.

गुण आल्यानंतर वर्षभर औषध चालू ठेवलं. ते बंद केल्यावर काय होईल याची धाकधूक होती. इथेही लेकीने २००० सालचा ३१२ रुग्णांचा अभ्यास दाखवला: उपचार थांबवल्यावरच्या सहा महिन्यांत नुसत्या गोळीपेक्षा नुसत्या थेरपीवाल्यांची सुधारणा जास्त टिकली होती. मार्च २०२५ पासून १० वरून ५, मग अडीच, मग एक दिवसाआड. अडीचवर असताना आठवडाभर मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी आणखी पंधरा दिवस त्याच मात्रेवर ठेवलं, ते गेलं. शेवटची गोळी १७ जून २०२५ ला घेतली. त्या महिन्यातल्या भेटीत तोच सात प्रश्नांचा कागद भरला, गुण चार. ऑगस्टमध्ये बँकेच्या रांगेत एक झटका आला. मी रांगेतच उभी राहिले, माझा नंबर आला, पैसे भरले.

मागच्या महिन्यात स्वारगेटवर परतीच्या बसची वाट बघताना लेकीने विचारलं, “आई, हे मलाही होईल का?” जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या आजारात अनुवंशाचा वाटा साधारण तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात येतो, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. मी म्हटलं, होऊ शकतं, आणि झालं तर त्याच रात्री मला फोन कर, सोळा दिवस थांबू नकोस. ती काही बोलली नाही. बस लागल्यावर तिने माझी पिशवी आत दिली आणि खिडकीची जागा आहे का ते स्वतः चढून बघून आली.